कन्नड ‘ऴ’ : संकेतांक आणि नाव

हळेगन्नडमधील ‘ऴ’ हा वर्ण आधुनिक कन्नड लेखनातून लुप्त झाला आहे. युनिकोडमध्ये कन्नड लिपीसाठी राखलेल्या १२८ स्थानांपैकी ३२९४ (दशमान) हा त्याचा संकेतांक होय. यूटीएफ-८ पद्धतीत तो २२४, १७९, १५८ अशा तीन बाइट्समध्ये साठवला जातो. मात्र प्रमाणकात त्याचे नाव चुकून ‘फा’ असे नोंदले गेले. एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, या नियमामुळे ते कायम राहिले; ‘एलएलएलए’ हे योग्य नाव केवळ अधिकृत उपनाम म्हणून जोडण्यात आले. नावावरून शोधणाऱ्या संपादकास ‘ऴ’ सापडला नाही व त्याने ‘ळ’ योजला, तर दोन भिन्न वर्णांतील भेद पाठातून नाहीसा होतो. म्हणून प्राचीन ग्रंथांच्या अंकीकरणात नावापेक्षा संकेतांक प्रमाण मानावा.