दंतोत्पाटन
जबड्याच्या हाडातील खोबणीतून दात मुळांसह काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला ‘दंतोत्पाटन’ म्हणतात. किडीमुळे दुरुस्तीपलीकडे गेलेला दात, परिदंतरोगामुळे आधार गमावून हलू लागलेला दात, मुळाशी उभा चिरलेला दात आणि हाडात अडकून वारंवार शोथ निर्माण करणारी अक्कलदाढ ही त्याची प्रमुख कारणे होत. केवळ वेदना होतात म्हणून दात काढणे योग्य नव्हे. दात गेल्यावर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात त्या जागेत उतरतो व तेथील हाड हळूहळू झिजते. म्हणून दात वाचविणे शक्य आहे किंवा नाही, हे क्ष-किरण चित्राच्या साहाय्याने आधी ठरवितात.

दात वाचविण्याचे उपाय : दंतमगजाला संसर्ग झाला असल्यास तो काढून मूलनलिका स्वच्छ करतात व भरतात. तरीही मुळाच्या टोकाशी विकृती राहिल्यास हिरडी उचलून ते टोक कापून टाकतात. यास ‘मूलाग्रछेदन’ म्हणतात. अनेक मुळांच्या दाढेचे एकच मूळ निकामी झाले असेल, तर तेवढेच काढता येते. अपघाताने निखळलेला कायमचा दात मूळ न खरवडता दुधात ठेवून त्वरित, शक्यतो तासाभरात, पुन्हा बसविल्यास टिकू शकतो. दुधाचे दात मात्र असे बसवीत नाहीत.

शस्त्रक्रिया : पूर्वी दात काढणे हे अत्यंत यातनामय काम होते. हॉरस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये याच कामी ईथर वापरले. आता बहुधा लिडोकेनासारखे स्थानिक संवेदनाहारक टोचतात. त्यामुळे वेदना होत नाही. दाब मात्र जाणवतो. साध्या पद्धतीत दाताभोवतीचे तंतू सोडवून तो उत्थापकाने सैल करतात व चिमट्याने काढतात. अडकलेल्या दाढेसाठी हिरडीला छेद देऊन थोडे हाड काढावे लागते. प्रसंगी दाढेचे तुकडे करून ते वेगवेगळे काढतात व शेवटी टाके घालतात. खालच्या अक्कलदाढेजवळून जाणाऱ्या तंत्रिकेस इजा झाल्यास ओठ किंवा जीभ बधिर होण्याचा संभव असतो.

पश्चात काळजी : खोबणीत साकळलेले रक्त हाच जखमेचा नैसर्गिक बोळा होय. म्हणून कापसाची घडी अर्धा तास दाबून धरावी. पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये व धूम्रपान टाळावे. ही गुठळी निघून गेल्यास हाड उघडे पडते व दोन ते चार दिवसांनी तीव्र ठणका सुरू होतो. रक्त पातळ करणारी अगर हाडांच्या विरळतेवरील औषधे घेणाऱ्यांनी, तसेच मधुमेही, हृद्रोगी आणि जबड्यावर प्रारण-चिकित्सा झालेल्या रुग्णांनी आपली माहिती आधीच सांगणे अत्यावश्यक असते. जबड्याखाली पसरणारी सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी संसर्ग मानेत उतरून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. म्हणून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

दात काढल्यानंतर रिकामी जागा कवळी, दंतसेतू किंवा हाडात बसविलेले टिटॅनियमचे कृत्रिम मूळ यांनी भरून काढता येते.