निवृत्त सैनिकाच्या मनाचा खर्च कोणत्या खात्यात?

हैदराबाद मेट्रोच्या लाल मार्गावर कुकटपल्लीहून शहराच्या दिशेने निघाले की चौथे स्थानक एर्रागड्डा. तिथे राज्याचे मोठे सरकारी मनोरुग्णालय आहे. निजामाच्या राजवटीत ते जालन्यात होते आणि १९५३ साली हैदराबादेत आले. दुसरीकडे सिकंदराबादच्या छावणीत लष्करी रुग्णालय आहे. कुकटपल्लीच्या गृहनिर्माण वसाहतीत स्थायिक झालेल्या एखाद्या माजी सैनिकाची झोप उडाली, चिडचिड वाढली, दारू हाताबाहेर गेली, तर त्याच्यापुढे हीच दोन टोके उरतात. एकाच्या नुसत्या नावाने घरचे धसकतात आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आपल्या लोकांत’ गोष्ट फुटेल याची त्याला धास्ती वाटते. मग तो कुठेच जात नाही. सरकार माजी सैनिकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करत नाही असे मुळीच नाही. पण मनाच्या आजारासाठी तो पैसा ज्या वाटेने जातो, ती वाट या माणसाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, आणि ती बदलायला हवी.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ईसीएचएस, एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी ८,३१७ कोटी रुपये ठेवले गेले. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तिथून शिफारस, मग यादीतल्या खासगी रुग्णालयात उपचार आणि शेवटी बिल, अशी तिची रीत आहे. हृदयाला झडप बसवायची असेल, गुडघा बदलायचा असेल, तर ती उत्तम चालते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीचा ठरवला आहे, आणि ईसीएचएसमध्येही मानसोपचाराचे बिल बसू शकते. अडचण त्याच्या आधीची आहे. घरात महिनोन्‌महिने अबोला धरून बसलेल्या माणसाचे बिल होत नाही. त्याच्याशी बोलायला घरी गेलेल्या समुपदेशकाचेही होत नाही. बिलावर चालणाऱ्या व्यवस्थेला तिच्या दाराशी आलेलाच रुग्ण दिसतो.

आरोग्य खात्याकडे पाहावे, तर तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १९९६ साली चार जिल्ह्यांत तो सुरू झाला, त्यातला एक तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला होता. आज एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३ लाख २० हजार रुपये मिळू शकतात. कुकटपल्ली ज्या मेडचल-मलकाजगिरी जिल्ह्यात येते, तिथली लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच सुमारे २४ लाख होती. पूर्ण रक्कम मिळाली, तरी माणशी वर्षाला साडेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्या पैशात सैनिकांच्या घरांचा वेगळा विचार कोण करणार? संरक्षण खाते म्हणते उपचार आमच्याकडे आहेत, आरोग्य खाते म्हणते सैनिकांची सोय संरक्षण खाते करते, आणि ज्याला गरज आहे तो दोन्ही वह्यांत सापडत नाही.

आपल्याकडचा जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. दरवर्षी सुमारे साठ हजार जण असे बाहेर पडतात. तोवर घर बायकोने एकटीने चालवलेले असते, मुले बापाला सुट्टीतला पाहुणा म्हणून ओळखत असतात. तो कायमचा घरी येतो तेव्हा साऱ्यांनाच नव्याने मांडामांड करावी लागते, आणि त्यात पहिली खचते ती बहुधा बायको. तिला ईसीएचएसचे कार्ड मिळते ते अवलंबित म्हणून. तिचे स्वतःचे दुखणे कुणी वेगळे विचारत नाही. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेले सैनिक सरकारी रुग्णालयांत पाऊल टाकेनात, तेव्हा १९७९ मध्ये रुग्णालयांपासून दूर, वस्त्यांमध्ये छोटी समुपदेशन केंद्रे उघडली गेली. तिथे कुटुंबीयांनाही बसवून बोलले जाते. युद्धानंतरच्या मानसिक आघाताला तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत नाव मिळाले ते त्याच्या पुढच्या वर्षी. आजाराच्या नावावर एकमत होण्याआधी पैसा मंजूर झाला, हे मला महत्त्वाचे वाटते.

‘आपल्याकडे इतके तज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर विदर्भात आणि गोव्यात मिळालेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले आणि ती माणसे घरोघरी गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, जे डॉक्टर नव्हते, प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर आणि दारूच्या त्रासावर थोडक्या बैठकांत गुण आणून दाखवला. हे काम माजी सैनिक आणि वीरनारी, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नी, स्वतः का करू शकणार नाहीत? फौजेतल्या माणसाला फौजेतल्याच माणसाने ‘चल, जरा बसू’ म्हटले, तर तो बसतो. शिवाय माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधीपासून असते आणि त्या कार्यालयांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. नवे खाते काढायची गरजच नाही.

कुणी म्हणेल, फोन आहे की. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्षही डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. ते चांगलेच झाले. पण फोन तोच करतो ज्याने आपल्याला त्रास आहे हे स्वतःशी कबूल केलेले असते. अमरावतीत आकडा वाढला तो कुणीतरी दारात गेले म्हणून.

याहून अवघड आक्षेप न्यायाचा आहे. सामान्य माणसालाच मानसोपचार मिळत नसताना सैनिकांना वेगळे का? शरीराच्या जखमांबाबत समाजाने हा प्रश्न कधी विचारला नाही. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कण्याला इजा झालेल्या जवानांना सांभाळते आणि त्याचा कुणाला हेवा वाटत नाही. तरीही मी वेगळी भिंत मागत नाही. हैदराबादेत २०१८ पासून बस्ती दवाखाने, म्हणजे वस्त्यांतले छोटे सरकारी दवाखाने, आहेत. संरक्षण खात्याने ईसीएचएसच्या रकमेतला ठरावीक वाटा समुपदेशक आणि घरभेटी यांच्यासाठी वेगळ्या शीर्षाखाली काढावा आणि तो समुपदेशक छावणीत न बसवता अशा दवाखान्यात बसवावा. सकाळी जवानाची बायको येईल, दुपारी शेजारची शिवणकाम करणारी बाई येईल. सैनिकाच्या नावाने आलेला पैसा वस्तीच्याही कामी येईल.

हे लवकर करायला हवे, कारण सैन्यात चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६ अखेरीस भरू लागते. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के सैन्यात राहतील. उरलेले ऐन पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील आणि योजनेच्या नियमानुसार त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, निवृत्तिवेतन नाही, ईसीएचएसचे कार्डही नाही. छावणीच्या दाराशी त्यांना कुणी ओळखणार नाही. त्यांच्यासाठी वस्तीतला दवाखाना हे एकच दार असेल, आणि तिथे बोलायला माणूस बसवण्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात झाली नाही, तर ती मुले घरी पोहोचतील तेव्हा ती खुर्ची रिकामी असेल.