शेतीतील भांडवल आणि स्त्री
नर्मदाकाठच्या आमच्या धरमपुरीच्या परिसरात कापूस पिकतो. शेतात पंप व ट्रॅक्टर आले, की नांगरट आणि पाणी उपसणे ही पुरुषांची कष्टाची कामे हलकी होतात. परंतु ओलीत वाढताच खुरपणी व वेचणी वाढते, आणि तो भार बहुधा स्त्रियांवरच पडतो. असे का व्हावे? ज्याच्या नावे जमीन, त्याला कर्ज. ज्याच्या हाती कर्ज, त्याचाच निर्णय. २०१५-१६ च्या कृषिगणनेत भारतातील वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. हे ओळखून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन भरविले, व पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’द्वारे पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. जिला आपण गृहलक्ष्मी म्हणतो, तिचे नाव शेताच्या उताऱ्यावर केव्हा लिहिणार?