पडद्यावरची धाकटी बहीण

अपयशाने कलावंताचा घात होतो, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु यशही कलावंताला जखडून टाकते आणि ते बंधन तोडणे अपयश पचविण्याइतकेच कठीण असते, याची जाणीव प्रेक्षकांना क्वचितच होते. अपयशी नटीला काम मिळत नाही. यशस्वी नटीला तेच ते काम पुन्हापुन्हा मिळत राहते, आणि टाळ्यांच्या गजरात तिची वाढ खुंटते. अभिनेत्री नंदा हिच्या कारकीर्दीची पहिली पंधरा-सतरा वर्षे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. तिची ही वाटचाल केवळ एका नटीची कहाणी राहत नाही. मिळवत्या मुलीकडे पाहण्याची आपल्या समाजाची दृष्टीही तीतून प्रकट होते.

नंदाचा जन्म ८ जानेवारी १९३९ चा. 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) यांसारख्या चित्रपटांनी मराठी बोलपटाला विनोदाचे नवे वळण देणारे मास्टर विनायक हे तिचे वडील. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन अवघे चार दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. ज्या घराने अनेक कलावंतांना आधार दिला, त्या घराचाच आधार तुटला.

येथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाला हात देणाऱ्यांत मास्टर विनायक अग्रभागी होते. तेरा वर्षेही पुरी न झालेल्या लता मंगेशकर यांनी त्याच काळात चित्रपटांत लहानसहान भूमिका करून घर चालविण्यास आरंभ केला. पुढे पाचच वर्षांनी विनायकरावांच्या स्वतःच्या मुलीवर नेमका तोच प्रसंग आला. १९४८ च्या 'मंदिर'पासून 'बेबी नंदा' या नावाने तिचा चेहरा पडद्यावर दिसू लागला. ज्या वयात मुली पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जातात, त्या वयात ही मुलगी चेहऱ्याला रंग लावून स्टुडिओत जात होती. ते बालिकेच्या हौसेचे कौतुक नव्हते. त्यावर घरच्यांचा चरितार्थ अवलंबून होता.

बालनटीच्या आयुष्यात एक अवघड काळ हमखास येतो. बालभूमिकांना ती मोठी दिसू लागते आणि नायिकेच्या भूमिकांना लहान. पुष्कळशा बालकलावंतांची कारकीर्द या उंबरठ्यावरच संपली आहे. नंदाला तो उंबरठा ओलांडता आला तो व्ही. शांताराम यांच्यामुळे. विनायकरावांशी त्यांचे जवळचे नाते होते. त्यांच्या संस्थेच्या 'तूफान और दिया' (१९५६) या चित्रपटात नंदाला प्रमुख भूमिका मिळाली. परंतु ती भूमिका कोणती होती? आई-वडिलांवाचून पोरक्या झालेल्या भावा-बहिणीच्या कथेतील बहिणीची. पुढील यशाचा पाया येथे घातला गेला, आणि पुढील कोंडीचाही.

त्या सुमारास मद्रासच्या चित्रसंस्था हिंदीत कौटुंबिक चित्रपट काढू लागल्या होत्या. एकत्र कुटुंब, थोर मनाचा वडील भाऊ, सोशिक वहिनी आणि दुर्दैवी बहीण ही त्या कथांची ठरलेली सामग्री असे. ए.व्ही.एम.च्या 'भाभी'त (१९५७) नंदा बालविधवा झाली. एल. व्ही. प्रसाद यांच्या 'छोटी बहन'मध्ये (१९५९) ती दृष्टी गमावलेली बहीण झाली. हे दोन्ही चित्रपट तमिळ चित्रपटांवरून बेतलेले होते आणि दोन्ही लोकप्रिय ठरले. 'छोटी बहन'मधील राखीचे गीत, लता मंगेशकर यांच्या आवाजातले, आजही रक्षाबंधनाच्या दिवशी कानी पडते. विसाव्या वर्षी नंदा साऱ्या देशाची धाकटी बहीण झाली होती.

या यशामागे एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. पडद्यावरची ही बहीण परावलंबी आहे. तिच्या लग्नाची चिंता भावाला जाळते. तिच्यासाठी तो कर्ज काढतो, अपमान गिळतो. तिचे काम रडण्याचे आणि कृतज्ञ राहण्याचे. ही भूमिका करणारी मुलगी मात्र प्रत्यक्षात वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून भावंडांसाठी मिळवीत आली होती. जे ओझे पडद्यावर भाऊ वाहताना दिसत होता, ते तिच्या घरी बहीण वाहत होती. प्रेक्षागृहात डोळे टिपणाऱ्यांमध्येही अशा कितीतरी मुली असतील, ज्या शिक्षिकेची, टंकलेखिकेची, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून धाकट्या भावंडांची शिक्षणे पार पाडीत होत्या. पण मिळवती बहीण ही कथेची नायिका होऊ शकते, हे हिंदी चित्रपटाला बराच काळ मानवले नाही. ऋत्विक घटक यांनी 'मेघे ढाका तारा' हा बंगाली चित्रपट १९६० मध्ये काढून ती वेदना मांडली. हिंदी पडद्यावर मात्र असहाय बहिणीचेच राज्य होते.

याचा सर्व दोष लेखक-दिग्दर्शकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी कलावंत बाळगणाऱ्या जुन्या चित्रसंस्था मोडकळीस आल्या आणि धंदा स्वतंत्र निर्मात्यांच्या हाती गेला. हे निर्माते बहुधा उसन्या पैशावर चित्रपट काढीत आणि वितरकाकडून आगाऊ रक्कम उचलीत. वितरक विचारी, ही नटी कोणत्या भूमिकेत चालली? जी चालली, तीच भूमिका पुन्हा हवी. अशा व्यवहारात कलावंताचा साचा बनतो. ज्या कलावंताच्या मिळकतीवर घर चालते, त्याला तो साचा नाकारण्याची चैन परवडत नाही.

त्यामुळे १९५९-६० ही वर्षे नंदाच्या बाबतीत एकाच वेळी चढती आणि उतरती होती. कामे भरपूर होती, पण त्यांतील बरीच दुय्यम होती. 'धूल का फूल'मध्ये (१९५९) मध्यवर्ती नायिका माला सिन्हा होती. 'काला बाजार'मध्ये (१९६०) वहिदा रहमान नायिका, आणि नंदा देव आनंदची बहीण. 'आंचल'साठी तिला फिल्मफेअरचे पारितोषिक लाभले, तेही साहाय्यक अभिनेत्रीचे. सन्मान खरा होता. परंतु तिची जागा नायिकेच्या शेजारची, हेही त्याने अधोरेखित केले.

या साच्याला पहिला तडा गेला तो 'हम दोनों'मुळे (१९६१). आदल्या वर्षी ज्या देव आनंदची ती बहीण झाली होती, त्याच्याच दुहेरी भूमिकेच्या या चित्रपटात ती मेजर वर्मांची पत्नी झाली. प्रेक्षकांनी हा बदल तक्रारीवाचून स्वीकारला. प्रेक्षक एका नटीला एकाच नात्यात पाहू इच्छितो, हा धंद्याचा सिद्धान्त किती पोकळ होता, याचा हा पुरावाच म्हणावयास हवा. भीती प्रेक्षकाला नव्हती. ती पैसा गुंतविणाऱ्यांना होती.

दुसरा आणि निर्णायक तडा तिच्या स्वतःच्या निवडीमुळे गेला. नाव मिळविलेली नटी सहसा आपल्याहून मोठ्या नटाबरोबर काम करू पाहते. त्यातच सुरक्षितता असते. नंदाने शशी कपूर या नवोदिताबरोबर चित्रपट स्वीकारले. 'चार दीवारी' (१९६१) आणि 'मेहंदी लगी मेरे हाथ' (१९६२) हे त्यांचे पहिले दोन चित्रपट फारसे चालले नाहीत. व्यवहार पाहणाऱ्या कोणीही येथे जोडी मोडली असती. तिने मोडली नाही. दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक सूरज प्रकाश यांच्याच 'जब जब फूल खिले'मध्ये (१९६५) हे दोघे पुन्हा एकत्र आले. काश्मीरमधील गरीब नावाडी आणि शहरातून आलेली श्रीमंत, आधुनिक वळणाची तरुणी अशी ही कथा होती. पांढऱ्या साडीतल्या अश्रुमुखी मुलीची सवय झालेल्या प्रेक्षकाला पाश्चात्य पेहरावातली, हट्टी, प्रेमात पुढाकार घेणारी नंदा येथे प्रथमच दिसली. चित्रपटाला उदंड यश मिळाले. शशी कपूरची कारकीर्द त्याने मार्गी लावली आणि नंदाची बदलून टाकली. पुढे या जोडीचे एकूण आठ चित्रपट झाले, आणि नंदाविषयीचा आदर शशी कपूरने नेहमीच बोलून दाखविला.

एवढ्यावर समाधान न मानता १९६९ मध्ये तिने यश चोप्रांचा 'इत्तेफ़ाक़' स्वीकारला. एका गुजराती नाटकावर आधारलेल्या या गीतविरहित रहस्यपटात तिची भूमिका सहानुभूतीची भीक मागणारी नव्हती. संशयाच्या छायेत वावरणारी होती. दहा वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्याकडे पाहून लोक हळहळले, त्याच चेहऱ्यावर आता ते विश्वास ठेवावा की नाही, या संभ्रमात पडले. तिच्या अभिनयाचा हा मोठाच विजय होता.

२५ मार्च २०१४ रोजी नंदाचे मुंबईत निधन झाले. तेव्हाही अनेकांनी तिला 'छोटी बहन' म्हणूनच आठवले. प्रतिमेची पकड किती चिवट असते, हे यावरून दिसते. परंतु तिच्या पूर्वार्धाचे खरे मोल राखीच्या गीतात शोधू नये. परिस्थितीने लादलेली भूमिका तिने प्रामाणिकपणे पार पाडली, त्या भूमिकेवर घर सावरले, आणि पायाखाली थोडी जमीन येताच त्या भूमिकेचा उंबरठा ओलांडण्याचे धाडस केले. बालपण हरवलेल्या मुलीने मोठेपणी स्वतःची वाट निवडण्याचा हक्क मिळविला. घरासाठी राबणाऱ्या प्रत्येक मुलीला हा हक्क मिळतो काय, हा प्रश्न मात्र पडद्याबाहेरच्या समाजाने स्वतःला विचारावयाचा आहे. तिच्या त्यागाचे गोडवे गाणे सोपे आहे. कर्तव्य पुरे झाल्यावर तिला मोकळे करणे कठीण आहे, आणि तिच्याविषयीचा आदर तेथेच खरा ठरतो.