रेणूंचा शिंपी

पेनिसिलिन हे उपचार म्हणून पहिल्या रुग्णास टोचले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. परंतु त्यापूर्वीच, १९४० च्या डिसेंबरात, ऑक्सफर्डच्या अब्राहम व चेन या दोघा शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन निकामी करणारा पदार्थ काही जीवाणूंपाशी असल्याचे प्रसिद्ध केले होते. औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा वैरी ठाऊक झालेला होता!

हा वैरी म्हणजे एक विकर, अर्थात एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगाने घडवून स्वतः जशीच्या तशी राहणारी प्रथिने ती विकरे. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते आणि औषधाचे सारे सामर्थ्य त्या कड्यात. जीवाणूचे विकर नेमके तेच फोडते. मौज अशी की, त्याच रेणूत तशाच जातीचा दुसरा एक बंध आहे; तो कापणारे विकर मात्र औषधनिर्मात्यांच्या कामी येते. तेथे कापून उरलेल्या गाभ्यास नवी शेपटी जोडली की अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे सिद्ध होतात. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची हद्द एकाच गावातून जात असे, हे ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकले आहे, त्यांना एका रेणूतील ही दोन राज्ये चटकन उमगतील. या उपयोगी विकरांपैकी एकाची अंतर्रचना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सुरेश, डॉ. अर्चना पुंडले, डॉ. शिवरामन आदींनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये उलगडली.

पण रचना कळली म्हणजे क्रिया कळली असे नव्हे. बंध तुटतो तो क्षण इतका अल्प असतो की, त्याचे चित्र टिपणे जवळजवळ अशक्य. तो गणितानेच पाहावा लागतो, आणि येथेच परीक्षानळीला हात न लावणारा रसायनज्ञ, म्हणजे संगणकीय रसायनज्ञ, पुढे येतो.

या क्षेत्रातील आपल्याकडचे ठळक नाव म्हणजे डॉ. श्रीधर रामचंद्र गद्रे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. पुढे कानपूरच्या आय.आय.टी.तही. १९९३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. त्यांचा प्रांत शुद्ध सिद्धान्ताचा. पण औषध आणि विकर एकमेकांस ओळखतात कसे, या प्रश्नाच्या मुळाशी तो जातो. प्रत्येक रेणूभोवती विद्युत्प्रभावाचा एक अदृश्य भूप्रदेश असतो. धारहून मांडवगडास गेलेल्यांनी पठाराच्या कडेची खोल दरी पाहिलेली असते. रेणूभोवतीही तशा दऱ्या असतात आणि धनभारित कण त्यांकडे ओढले जातात. गद्रे व त्यांचे सहकारी पाठक यांनी १९९० मध्ये सिद्ध केले की, अणुकेंद्रे वगळता या भूप्रदेशात शिखर असूच शकत नाही; दऱ्या मात्र असू शकतात. आमचा विषय मराठी. तरीही निसर्गाला घातलेली ही अट वाचून आम्ही चकित झालो.

दुसरे काम अधिक व्यवहारी. रेणू दुप्पट मोठा झाला तर साध्या पद्धतीनेही आकडेमोड ढोबळ हिशेबाने सोळापट वाढते. पेनिसिलिन फोडणाऱ्या विकरात अणू हजारोंनी असतात. तेथे बलाढ्य संगणकही हात टेकतो. गद्रे यांनी शिरसाट व लिमये यांच्यासह १९९४ मध्ये एक युक्ती मांडली. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे बेतायचे, प्रत्येकाचे गणित निराळे करायचे आणि मग ते शिवून अखंड रेणूचे चित्र तयार करायचे. पद्धतीला नावच शिंपीकामाचे दिले! अशी समर्पक नावे आपले पाठ्यपुस्तककार का योजत नाहीत, कोण जाणे.

विकरांसाठी दुसरी वाट वॉर्शेल व लेव्हिट यांनी १९७६ मध्येच दाखविली होती: बंध तुटतो तेवढ्याच जागी सूक्ष्म पुंजगणित वापरावे, उरलेल्या भागाला साधे. २०१३ मध्ये कारप्लस यांच्यासमवेत त्यांना नोबेल मिळाले. त्या वाटेने ब्रिस्टलचे एड्रियन मल्हॉलंड यांच्या गटाने २०१४ मध्ये आठ शत्रुविकरांचा अभ्यास केला. कार्बापेनेम ही राखून ठेवलेली औषधे यांतील काही विकरांना चिकटून त्यांना बंद पाडतात, तर काही विकरे पाण्याच्या एका रेणूच्या साहाय्याने औषध झटकून मोकळी होतात. कोणती कोणत्या गटातील, हे संगणकाने अचूक वेगळे केले.

हे सारे आम्ही मांडतो त्याला कारण आहे. जगात २०१९ या एका वर्षात, अभ्यासकांच्या अंदाजानुसार, १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली. जस्ताच्या दोन अणूंवर चालणाऱ्या अशाच एका विकराला आपल्या राजधानीचे नाव मिळाले, तेव्हा २०१० मध्ये मोठा गदारोळ उठला. नावाचा राग आला, विकराचा तितकासा आला नाही. देवासला आणि आमच्या धार जिल्ह्यातील पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत; तरीही विषाणूंमुळे होणाऱ्या पडशावर, जेथे प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, तेथे दुकानातून परस्पर गोळ्या आणणारी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासह करून ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. ती वही मागून पाहणारा गिऱ्हाईक आम्हांस अजून भेटलेला नाही.

आणखी एक. अकरावीच्या प्रवेशावेळी पालक आमच्यासमोर बसतात आणि 'मॅथ्स की बायो' असा प्रश्न टाकतात, जणू एक घेतले की दुसऱ्याचे दार बंद. गद्रे वा मल्हॉलंड यांच्या कामात रसायन, गणित आणि संगणक यांच्या सीमा कोठे आहेत ते आम्हांस तरी सांगता येणार नाही. दोन्ही विषय एकत्र घेण्याची सोय नियमात आहे. धार-देवासच्या ज्या शाळांत ती प्रत्यक्षात मिळत नाही, तेथे पालकांनी येत्या प्रवेशाआधीच अर्ज देऊन ती मागावी.