मुळांचा श्वास

मलकापूरहून आंबा घाट उतरला की कोकण. ताटातली मासळी त्याच वाटेने वर येते. ७ ऑगस्ट २०१० रोजी, रमजानच्या तोंडावर, मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडले, रायगडपर्यंतची कांदळवने काळवंडली. मासळीला गिऱ्हाईक उरले नाही.

कांदळवनाची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. तेलाने ती गुदमरतात. सफाईसाठी माणसे आत शिरली, तर तेल चिखलात आणखी खोल तुडवले जाते. म्हणून जाणकार काठावरचे तेल टिपतात, आतले भरती-ओहोटीवर सोपवतात, झाडे मेली तिथे नंतर रोपे लावतात. माशांची पिल्ले याच मुळांत वाढतात. कधी हात आवरणे हीच खरी सेवा.