लाइन गेल्यावर थे काय बोलते?

करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारेगाव हे तालुक्याचे गाव लागते. तहसील कचेरी, शाळा, बँक, बसथांबा आणि या सर्वांच्या मधल्या वेळेला आसरा देणारी चहाची हॉटेले ज्या गावात असतात, त्या गावात वृत्तपत्र नुसते वाचले जात नाही. ते मोठ्याने वाचले जाते, मध्येच अडवले जाते आणि पुष्कळदा हसण्यावारी नेले जाते. अशाच एका हॉटेलात परवा एक निवृत्त शिक्षक बातमी वाचून दाखवीत होते. आत ठेवलेली भाजी ओळखणारे, त्या भाजीचे काय करावे हे सुचविणारे आणि घरधन्याशी माणसाच्या आवाजात बोलणारे शीतकपाट बाजारात आले आहे, अशी ती बातमी होती. गुरुजींनी चष्मा सावरीत शेवटचे वाक्य पुरे केले आणि कोपऱ्यातल्या बाकावरच्या एका शेतकऱ्याने अगदी निरागस चेहऱ्याने विचारले, "गुरुजी, लाइन गेल्यावर थे काय बोलते?"

हॉटेलात हशा पिकला. हा प्रसंग एखाद्या महानगरी पाहुण्याने ऐकला असता, तर 'खेड्यातले अज्ञान' म्हणून त्याची नोंद करून तो निघून गेला असता. वस्तुतः त्या एका प्रश्नात त्या यंत्राचे जेवढे परीक्षण झाले, तेवढे चार स्तंभांच्या बातमीत झाले नव्हते. या भागात विजेला 'लाइन' म्हणतात. ती येते आणि जाते, आणि जाताना कोणाला विचारीत नाही. कोळसा निघतो शेजारच्या वणी परिसरात आणि महाऔष्णिक वीज केंद्र उभे आहे चंद्रपुरात. तरीही २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाच्या वेळापत्रकावर संसार कसा हाकावा लागला, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. रात्रीच्या पाळीत आलेल्या विजेवर मोटार सुरू करण्यासाठी हातात बॅटरी घेऊन धुऱ्याने चालत गेलेला माणूस कोणत्याही उपकरणाची पारख प्रथम याच कसोटीवर करणार. त्याच्या विनोदाला अज्ञान म्हणणे हे अनुभवाला अज्ञान म्हणण्यासारखे आहे.

हा माणूस मुळात यंत्राचा द्वेष्टा नाही. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला, तेव्हा त्याने तो बैलगाडीवर, खळ्यावर, मळ्याच्या माचाणावर नेला. सेल उतरले की ते उन्हात वाळवून आणखी दोन दिवस पुरविण्याची विद्या त्याला कोणत्याही कंपनीने शिकविली नव्हती. संच बंद पडला तर बाजाराच्या दिवशी तो पिशवीत घालून न्यावा, दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण काढावे, सुटलेल्या तारेला डाग द्यावा आणि संध्याकाळच्या बातम्यांपूर्वी संच पुन्हा घरात वाजू लागावा, असा तो सरळ व्यवहार होता. एचएमटीचे मनगटी घड्याळ तर डोळ्याला भिंग लावलेल्या घड्याळजीपुढे उघडले जाई आणि मालक समोर बसून त्याची चाके पाही. त्या काळच्या ग्राहकाचा विश्वास जाहिरातीवर नव्हता; आपल्या डोळ्यांसमोर उघडता येणाऱ्या झाकणावर होता.

नव्या उपकरणांच्या बातम्यांवर तो आज जो हसतो, ते हसणे गेल्या काही वर्षांनी पुष्कळदा खरे ठरविले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट दिल्लीत मोठ्या समारंभाने विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आला, आणि आता पाठ्यपुस्तकांचे ओझे संपले असे लेख प्रसिद्ध झाले. पाठ्यपुस्तकांचे ओझे आहे तसेच आहे. ओझे झाले नाही ते 'आकाश'चे, कारण तो बहुतेकांच्या दप्तरात पोचलाच नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. सात कोटींहून अधिक नोंदण्या आल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. ज्या देशात साध्या चपलेच्या जोडाला त्याहून अधिक पैसे पडतात, त्या देशात सुशिक्षितांनी रांगा लावाव्यात आणि बाकावरच्या माणसाने "यात फोन येते का फोटू?" असे विचारावे, तर त्यांतला अर्थशास्त्रज्ञ कोण?

हा भोळेपणा केवळ आपल्याच देशाच्या वाट्याला आला असेही नाही. अमेरिकेत 'ज्युसेरो' नावाचे फळांचा रस काढणारे यंत्र प्रथम ६९९ आणि नंतर ३९९ डॉलरला विकले जात होते. रसाच्या गराची पिशवी त्यात ठेवावी, यंत्राने ती दाबावी, असा तो चमत्कार. एप्रिल २०१७ मध्ये वार्ताहरांनी तीच पिशवी हाताने दाबून दाखविली आणि रस तेवढाच, तितक्याच वेगाने निघाला! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. आमच्याकडे रसवंती चालविणाऱ्या कोणालाही हे आधी विचारले असते, तर गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर वाचले असते. २०१९ साली घडी होणारा मोबाइल आला. भारतात त्याची किंमत १,६४,९९९ रुपये होती, आणि त्याआधीच परीक्षणासाठी दिलेल्या काही संचांचे पडदे दोन-चार दिवसांत बिघडल्यामुळे त्याची विक्री लांबणीवर पडली होती. २०२० साली आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढून घेण्यात आला आणि त्याला पर्यावरणाचे कारण देण्यात आले. "बैलजोडी विकणारा गडीसुद्धा कासरा संगं देते," हे त्यावरचे भाष्य या लेखकाने अशाच एका बाकावर ऐकले.

येथे थोडा दोष आम्हा लिहिणाऱ्यांच्या पदरीही घातला पाहिजे. नव्या वस्तूची बातमी बहुधा कारखानदाराच्या पत्रकावरून लिहिली जाते. त्यात पडद्याची लांबी असते, कॅमेऱ्यांची संख्या असते, किंमत एक रुपयाने कमी करून छापलेली असते. मात्र तीन गोष्टी हटकून नसतात. वीज किंवा रेंज नसताना ही वस्तू काय करील? बिघडली तर कोण, कोठे आणि किती पैशांत दुरुस्त करील? आणि ती घेतली नाही तर माझे काही अडेल काय? ज्या बातमीत ही तीन उत्तरे नाहीत तिला बातमी म्हणावे की जाहिरात, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसऱ्या प्रश्नाचा अनुभव प्रस्तुत लेखकाने पदरमोड करून घेतला आहे. घरातील दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर उभी रेघ आली. हमीची मुदत संपून महिना झाला होता. कंपनीचा माणूस मोठ्या शहरातून यावयाचा, त्याच्या नुसत्या पाहण्याचे पैसे वेगळे, आणि आल्यावर त्याने निदान केले की पडदा बदलावा लागेल. पडद्याची किंमत ऐकली तर नव्या संचाच्या जवळपास. पूर्वीचा दुरुस्तीवाला "डाग देतो" म्हणे. आताचा "नवीन घ्या" म्हणतो. अशा वेळी मनात येणारी शंका अगदीच निराधार नसते. जुन्या फोनचा वेग कमी होतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल फ्रान्सच्या ग्राहक विभागाने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला होता. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. हक्काचा उच्चार झाला हे चांगलेच झाले. परंतु हक्क संकेतस्थळावर आणि सुटा भाग नागपुरात, अशी स्थिती असेल तोवर तालुक्याच्या गावातील ग्राहकाला तो हक्क दुरूनच पाहावा लागणार.

असे असले तरी हसणारे नेहमीच बरोबर असतात असा निष्कर्ष काढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातले पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. फोन करणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत असल्यामुळे 'हे श्रीमंतांचे खेळणे' असा शेरा तेव्हा सर्वत्र मारला गेला. आज तेच खेळणे मजुराच्या खिशात आहे. २०१६ साली फोनवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली, तेव्हा याच बाकांवर थट्टा झाली. आता गंमत पाहा. बोलक्या शीतकपाटावर सर्वांत मोठ्याने हसला तो हॉटेलचा मालक, आणि त्याचे हसणे संपते न संपते तोच त्याच्या गल्ल्याशेजारची डबी खणखणीत आवाजात बोलली की वीस रुपये जमा झाले. स्वतःचे यंत्र बोलू लागले की ते यंत्र राहत नाही, घरातले माणूस होते!

या विनोदाची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा बाक पुरुषांचा आहे. मिक्सर आला तेव्हा 'पाट्यावरच्या चटणीची चव त्याला नाही' असे सांगणाऱ्यांपैकी पाट्यापुढे बसून वरवंटा ओढणारे किती होते? गॅसवरच्या भाकरीला नावे ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांत चुलीचा धूर कधी गेला होता? ज्याचे श्रम वाचतात, त्याला हसणाऱ्यांमध्ये धरले जात नाही. संशय ही मोठी उपयुक्त वस्तू आहे, पण ती कोणाच्या श्रमावर पोसली जाते हेही तपासले पाहिजे.

तथापि मूळ प्रश्न याहून गंभीर आहे. बोलके शीतकपाट नाकारता येते, म्हणूनच त्याला हसता येते. ज्याला नाकारता येत नाही, त्याला हसावे कसे? २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या मोबाइलवरील ॲपमध्ये नोंदणी करणे शेतकऱ्याला आवश्यक झाले. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले होते, आणि हंगामाच्या आरंभी खुल्या बाजारातील दर हमीभावाच्या खाली होते. अशा वेळी ॲप ही शेतकऱ्याची हौस नव्हती; त्याच्या वर्षाच्या कमाईचे ते फाटक होते. दलालाची मधली साखळी तुटावी, खऱ्या शेतकऱ्याचाच कापूस घेतला जावा, पैसे थेट त्याच्या खात्यात पडावेत, हा हेतू निःसंशय स्वागतार्ह आहे. १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीत केंद्रांवरच्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, ते घरबसल्या ठरलेल्या तारखेचे मोल जाणतात. पण कापसात ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी आणि बारा टक्क्यांच्या वर गेला की खरेदीच नाही, हा नियम ॲपला माहीत असला, तरी अवकाळी पावसाने भिजलेले बोंड वाळविण्याची सोय ॲपमध्ये नाही. ज्याच्याजवळ साधा फोन आहे, ज्याचा आधारशी जोडलेला क्रमांक कधीच बंद पडला आहे, किंवा ज्याच्या पोडावर रेंज येण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, त्या कोलाम शेतकऱ्याने काय करावे?

स्वस्त धान्याच्या दुकानातही हेच आहे. यंत्रावर अंगठा ठेवला की धान्य मिळते. मात्र निंदण-वेचणीत ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजल्या, तिला यंत्र ओळखत नाही. दुकानदार ओळखतो, शेजारीण ओळखते, सारे गाव ओळखते. ज्याने ओळखावयाचे तेवढे यंत्र तिला पुन्हा अंगठा लावायला सांगते. येथे कोणी विनोद करीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. बाजारातले यंत्र कितीही शहाणे असो, ते घेण्या-न घेण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला आहे आणि ते त्याचा विनोद राखील. पण शासनाने किंवा शासनाच्या वतीने कोणी जे यंत्र सक्तीचे केले असेल, त्याच्या शेजारी एक खिडकी, एक माणूस आणि एक कागदाचा अर्ज ठेवणेही तितकेच सक्तीचे असले पाहिजे. यंत्र बंद पडले म्हणून माणसाचे काम बंद पडता कामा नये. आजमितीस ती खिडकी कोण चालवीत आहे? शाळेतले शिक्षक, कचेरीतले कारकून, महाविद्यालयात जाणारी मुले. शेजाऱ्याचा फोन हातात घेऊन ही मंडळी त्याची नोंदणी करून देतात. त्यांना ना त्याचा मेहनताना, ना त्याची कोठे नोंद.

त्या सकाळी हॉटेलातली मंडळी पांगल्यावर तोच शेतकरी सातबाराची घडी उलगडीत गुरुजींजवळ सरकला. गुरुजींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, स्वतःचा फोन काढला आणि दोघेही ओटीपीची वाट पाहत बसले. बराच वेळ तो आला नाही. या वेळी प्रश्न गुरुजींनी विचारला, "रेंज आहे का रे बाहेर?" आणि दोघेही उठून रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहिले.